पाच वाजताचे निरोप

“बंद करा ते आधी!”

शशिकलानं टेबलावरचा मोबाइल उचलला आणि उशीखाली कोंबला. उशीखालूनही रेडिओवरच्या इर्माबाईंचा आवाज येतच राहिला. कुणाच्या तरी सात मेंढ्या कुंपण ओलांडून गेल्या होत्या, त्यातल्या एकीच्या गळ्यात लाल चिंधी होती, कुणाला दिसल्या तर कळवावं.

“पोरीचा नऊ दिवस पत्ता नाही, आणि हा माणूस मेंढ्या ऐकत बसलाय.” हे तिनं मला नाही, भिंतीला सांगितलं. आमच्याकडे फार राग आला की भिंतीशी बोलतात.

ती काय खोटं बोलत होती का?

ही गोष्ट सहा वर्षांपूर्वीची, जानेवारीतली. आमची शलाका तेव्हा सत्तावीस वर्षांची होती आणि दक्षिण अमेरिकेतला चिले देश सायकलवरून एकटी खाली उतरत होती. दर दोन-तीन दिवसांनी तिचा आईला फोन यायचा. आईला, मला नाही. आमचं बोलणं बंद होतं. शेवटचा फोन आला तेव्हा ती ‘विया नेवादा’ नावाच्या गावात होती. पुढे दोन दिवस रेंज मिळणार नाही, काळजी करू नकोस, असं म्हणाली होती. त्या दोनाचे नऊ झाले. पुण्यातल्या तिच्या मैत्रिणींनी वकिलातीला कळवलं होतं, आणि ‘नोंद घेतली आहे’ असं उत्तर आलं होतं. नोंद घेतली म्हणजे काय, हे जन्मभर नोकरी केलेल्या माणसाला कुणी समजावून सांगायला नको.

नोकरी माझी एसटीतली. कराडच्या स्टँडवर वाहतूक नियंत्रक होतो. काचेच्या खिडकीत बसायचं आणि माइकवरून गाड्या पुकारायच्या. एकतीस वर्षं मी बोललो आणि अख्ख्या स्टँडनं ऐकलं. रिटायर झालो आणि घरात माझं ऐकायला कुणी उरलं नाही. मग मी शलाकाशी भांडायचो. तिचे केस, तिची नोकरी, तिचं लग्न, विषयांना तोटा नव्हता.

शेवटी तीच एक दिवस म्हणाली, “बाबा, मी स्पॅनिशच्या क्लासला जातेय. तुम्हीपण चला. निदान दीड तास आईला शांतता मिळेल.”

कराडातच शनिवार पेठेत गौतमी मॅडमचा क्लास होता. इंजिनिअरिंगची आठ पोरं, शलाका आणि मी. पोरं मला काका म्हणायची आणि माझ्या वहीतून उतरवून घ्यायची. दोन लेव्हल केल्या मी. लेखी परीक्षेत पहिला आलो, खोटं नाही सांगत. पण तोंडी परीक्षेत मॅडमनी साधं विचारलं, “काल तुम्ही काय केलंत?” आणि माझी दातखीळ बसली. माइकवर बोललेला माणूस मी! घामानं शर्ट भिजला, पण तोंडातून शब्द फुटेना. मॅडमनी मला पाणी दिलं आणि पास केलं. ती दया होती, मला कळत होतं.

पुढं मॅडमचं लग्न ठरलं, त्या बंगळुरूला गेल्या आणि क्लास बंद पडला. पोरांनी मोबाइलवर कसले कसले खेळ सुरू केले. मुलगा सफरचंद खातो, मुलगी दूध पिते. मी तीन दिवस केलं आणि चौथ्या दिवशी म्हटलं, खाऊ दे त्याला सफरचंद, मला काय त्याचं! जाताना मॅडम एकच सांगून गेल्या होत्या, “काका, आता पुस्तक बाजूला ठेवा. रोज अर्धा तास ऐका. कळो न कळो, ऐका.”

म्हणून मी इंटरनेटवर रेडिओ धुंडाळायला लागलो. बातम्यावाले इतक्या घाईनं बोलायचे की जणू त्यांची गाडी सुटत होती. फुटबॉलवाले नुसते ओरडायचे. आणि एका संध्याकाळी पाच वाजता एक बाई लागल्या. घसा बसलेला, मधेच खोकायच्या, पण एकेक शब्द सावकाश, दोनदा. ‘अमक्या खोऱ्यातल्या तमक्यांना कळवण्यात येते की...’

मी ताडकन उठून बसलो. अरे, ही तर माझीच नोकरी!

गाव होतं पुएर्तो एस्तेरो, चिलेच्या पार दक्षिण टोकाकडे. आपले संध्याकाळचे पाच म्हणजे तिकडे सकाळचे साडेआठ. आजूबाजूला बेटं, डोंगर, नद्या, कुठं फोन लागत नाही, पण प्रत्येक घरात बॅटरीवरचा एक रेडिओ. त्यामुळे लोक आपले निरोप रेडिओ एस्तेरोला देतात आणि इर्माबाई ते रोज सकाळी वाचतात. सासरे दवाखान्यातून सुटले, धक्क्यावर घोडा घेऊन या. मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत. पीठ संपलंय, बोटीतून दोन पोती पाठवा.

मला सुरुवातीला नुसती नावं कळायची. मी वहीत ती नावं लिहायचो. मग गावं कळायला लागली, मग नाती. आठव्या-नवव्या महिन्यात इर्माबाई एकदा काहीतरी बोलल्या आणि मी एकटाच खो खो हसलो. शशिकला स्वयंपाकघरातून धावत आली, मला काय झालं म्हणून. त्या दिवशी मला झालेला आनंद पेन्शन सुरू झाली तेव्हाही झाला नव्हता. रात्री जेवताना मी दोघींना बातम्या द्यायचो. डॉन एलेउतेरिओंची, म्हणजे आपल्या भाषेत एलेउतेरिओरावांची, घोडी पुन्हा पळाली. धाकट्या बेटावरच्या म्हातारीनं भावाशी समेट केला. शलाका म्हणायची, “बाबा, तुमचं स्पॅनिश म्हणजे फक्त मेंढ्या, बोटी आणि बाळंतपणं.” खरंच होतं ते. स्पॅनिशमध्ये मला चहा मागवता आला नसता, पण हरवलेल्या जनावराचं वर्णन मी एका दमात समजून घेत होतो.

अशी दोन वर्षं गेली आणि तिनं सायकलचं काढलं. म्हणाली, “त्या रस्त्यानं जाताना तुमच्या इर्माबाईंचं गाव लागतं, माहितीये?”

तिला वाटलं असेल, मी खूश होईन. मी ताट सरकवलं आणि म्हटलं, “गेलीस तर माझ्याशी बोलायचं नाही.”

माणूस असलं वाक्य बोलून जातो, आणि मग ते परत कसं घ्यायचं हे त्याला कळत नाही. नोव्हेंबरात ती गेली. तोपर्यंत मी तिच्याशी एक शब्द बोललो नव्हतो.

तर उशीखाली मेंढ्या चाललेल्या. शशिकलानं उशी उचलली, मोबाइल बाहेर काढला आणि माझ्यासमोर धरला.

“ही बाई लोकांच्या मेंढ्या शोधते, घोडी शोधते. मग माझी पोरगी शोधायला हिला काय धाड भरलीय?”

देवाशपथ सांगतो, माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं. विया नेवादाचं नाव मी आठवड्यातून तीनदा ऐकत होतो. त्या खोऱ्यातली निम्मी घरं मला नावानिशी पाठ होती. आणि नऊ दिवस मी नुसता कान लावून बसलो होतो, कुणीतरी आपणहून काही सांगेल म्हणून.

“अगं, पण मला बोलता येत नाही.”

“मग दोन वर्षं केलं काय?”

“ऐकलं.”

“झालं ना ऐकून? आता बोला.”

कार्यक्रम पावणेसहापर्यंत असायचा. माझ्या हातात अर्धा तास होता. मी वही काढून निरोप लिहायला घेतला. पहिला झाला तो मॅडमच्या पुस्तकातला, आदरणीय महोदया, आपणांस विनंती करण्याचे धाडस करतो. वाचला आणि फाडला. त्या खोऱ्यात असं कुणी बोलत नाही. दुसऱ्यांदा चार ओळी लिहिल्या. कुणाला, कुणाकडून, काय झालं, काय करायचं. स्टँडवर हरवलेल्या पोरांची घोषणा मी अशीच करायचो.

नंबर तर पाठच होता, इर्माबाई दर दहा मिनिटांनी सांगायच्या. तीनदा लावला, तीनदा कटला. चौथ्यांदा उचलला.

“रेडिओ एस्तेरो, बोला.”

गाणं लावून त्या फोन घेत होत्या, मागं बाजा वाजत होता. दोन वर्षं ऐकलेला आवाज थेट कानात आला आणि माझं पुन्हा तेच झालं. तोंड उघडं आणि आवाज नाही. शशिकलानं माझ्या मांडीला असा चिमटा काढला की आठ दिवस वळ राहिला.

“शुभ सकाळ, बाई,” मी बोललो. स्पॅनिशमध्येच बोललो, इथं मराठीत सांगतोय. “मी सुदाम. भारतातून बोलतोय.”

“कुठून?”

“भारत. इंडिया.”

“हे बघा, माझा कार्यक्रम चालू आहे. चेष्टा करायची तर दुपारी करा.”

“चेष्टा नाही, बाई! मी रोज ऐकतो. दोन वर्षं. डॉन एलेउतेरिओंची घोडी सापडली का?”

पलीकडून खोकल्याची एक उबळ आली.

“सापडली,” इर्माबाई म्हणाल्या. “गाभण निघाली.”

“त्यांना अभिनंदन सांगा.”

“सांगते.” त्या हसायला लागल्या, तो खोकला होता की हसू हे पहिल्यांदा मला नीट कळलं नाही. “इंडिया! अरे देवा. आणि तुमचं काय हरवलंय, डॉन सुदाम?”

“माझी मुलगी,” मी म्हटलं.

त्यांचं हसू थांबलं. मी चार ओळी वाचल्या. अक्षर माझंच होतं, वाचता येत होतं. शलाका सुदाम पिसाळ, राहणार कराड, वय सत्तावीस, उंची पाच फूट तीन इंच, चष्मा आहे.

“हे सगळं ठीक आहे,” त्या म्हणाल्या, “पण इथं नाव कुणाला कळायचं? आमची माणसं लांबून बघतात. घोडा कुठला, कुत्रा कुठला, त्यावरून माणूस ओळखतात. तुमच्या मुलीची सायकल कुठल्या रंगाची आहे?”

मी शशिकलाकडे वळलो. “सायकल कुठल्या रंगाची होती?”

“मला काय माहीत! मी तिच्या तोंडाकडे बघत होते. रडत होते मी. तुम्ही नाही का बघितली?”

“डॉन सुदाम?” फोनमधून आवाज आला. “सायकल?”

महिनाभर ती सायकल आमच्या अंगणात उभी होती. शलाका रोज संध्याकाळी तिला काहीतरी जोडायची, काहीतरी काढायची, आणि मी मुद्दाम मागच्या दारानं ये-जा करायचो. त्या सायकलकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं ना! पिसाळांचा हट्ट.

“मला माहीत नाही,” मी म्हणालो. हे त्या चार ओळींच्या पलीकडचं स्पॅनिश होतं, वहीत लिहिलेलं नव्हतं. “मी रागावलो होतो. ती गेली तेव्हा मी दाराबाहेर आलो नाही. मी सायकल बघितली नाही. मला माफ करा.”

माफी इर्माबाईंची कशाला मागितली, कुणास ठाऊक. पण मागितली.

त्या म्हणाल्या, “असू दे. सायकलवर बसलेल्या इंडियातल्या मुली त्या खोऱ्यात दोन नसतील.” आणि फोन ठेवला.

गाणं संपलं. इंटरनेटवर तिकडचा आवाज अर्धा मिनिट उशिरा येतो. ते अर्धं मिनिट काही केल्या संपेना. मग त्या बोलल्या.

“विया नेवादाच्या पुढच्या खोऱ्यातल्या सगळ्यांना कळवण्यात येते की, शलाका नावाची भारतातली मुलगी सायकलवरून त्या बाजूला आली आहे. तिचे आईवडील नऊ दिवस तिची वाट बघत आहेत. सायकलचा रंग वडिलांना माहीत नाही, कारण ते रागावले होते आणि मुलीला निरोप द्यायला दाराबाहेर आले नाहीत. आता त्यांचा राग गेलेला आहे. ती ज्यांच्या घरी असेल त्यांनी कळवावे.”

आणि रिवाजाप्रमाणे हे सगळं दुसऱ्यांदा वाचलं.

“काय म्हणाली?” शशिकलानं विचारलं.

मी सांगितलं. सगळं सांगितलं. चिलेतल्या अर्ध्या जिल्ह्याला कळलं होतं, आता बायकोपासून काय लपवायचं?

“बरं केलं तिनं,” शशिकला म्हणाली. “कुणीतरी सांगायलाच पाहिजे होतं.”

दुसऱ्या दिवशी पाच वाजता ती माझ्या शेजारी येऊन बसली. इर्माबाईंनी आमचा निरोप पुन्हा वाचला. पण उत्तर आलं नाही. एक वासरू, एक बाळंतपण, एका शाळेची सभा. ‘शलाका’ एवढा एकच शब्द शशिकलाला कळायचा, आणि तो आला की ती माझं मनगट धरायची. त्या रात्री आम्ही दोघंही जेवलो नाही. माझ्या मनात नाही नाही ते येत होतं. ती दरी, ती नदी. मी म्हटलेलं वाक्य शेवटचं ठरलं तर? गेलीस तर माझ्याशी बोलायचं नाही. देवा, तेवढं एक वाक्य खोडून टाक, मी पुन्हा तिला लग्नाचं विचारणार नाही, असं कितीदा म्हटलं असेन.

तिसऱ्या दिवशी पाच वाजता इर्माबाईंनी आधी घसा साफ केला. मेंढ्या नाहीत, बोटीची वेळ नाही. पहिलंच वाक्य आलं.

“भारतातल्या डॉन सुदाम यांना कळवण्यात येते की...”

मी उभाच राहिलो. शशिकलापण उभी राहिली, तिला काही कळलेलं नसताना.

“...त्यांची मुलगी नदीपलीकडे रोसाल्बा उयोआ यांच्या घरी आहे. पुरात पूल वाहून गेला. मुलगी पडली होती. गुडघा सुजला आहे, मोडलेला नाही. पोलीस चौकीच्या वायरलेसवरून हा निरोप काल संध्याकाळी आला.”

“आहे!” मी ओरडलो. “आहे गं, आहे! एका बाईच्या घरी आहे. गुडघा सुजलाय नुसता!”

शशिकला मटकन खाली बसली. पदर तोंडात कोंबून ती रडायला लागली आणि मधेमधे हसायला लागली. नऊ आणि दोन अकरा दिवस छातीवर बसलेलं काहीतरी एकदम उतरलं आणि मला इतकी भूक लागली, इतकी, की मी डब्यातला कोरडा चिवडा मूठभर तोंडात टाकला. इर्माबाई पुढं वाचत होत्या ते मी ऐकलंच नाही.

“श्श!” शशिकलानंच मला गप्प केलं. “अजून बोलतेय ती. दुसऱ्यांदा वाचेल ना? नीट ऐका आता.”

इर्माबाई दुसऱ्यांदा वाचायला लागल्या. मी एकेक ओळ मराठीत शशिकलाला सांगत गेलो.

“रोसाल्बा म्हणतात, मुलगी चांगली जेवते. तिनं त्यांना भाकरी करून दाखवली, ती जाड झाली पण खाल्ली सगळ्यांनी. सोमवारी नदीत बोट येईल. तेव्हा ती अलीकडे येईल आणि फोन करेल. आईनं रडू नये.”

“मी कुठं रडतेय,” शशिकला म्हणाली आणि नाक पुसलं. “पुढं?”

“निरोप तिनं स्वतः रोसाल्बांच्या स्वयंपाकघरात रेडिओवर ऐकला. त्यावर वडिलांसाठी तिनं एक वाक्य दिलं आहे.”

इर्माबाईंनी ते वाक्य फार सावकाश वाचलं. मला कळावं म्हणून असेल, किंवा त्यांचाच घसा बसला असेल.

“काय? काय दिलंय?” शशिकला माझा हात हलवत होती. “अहो, बोला की!”

“म्हणते,” मी म्हणालो, “बाबा, तुम्ही मोरीच्या खिडकीत उभे होतात. मी पाहिलं होतं.”

मोरीच्या खिडकीतून कुंपणाच्या भिंतीवरचं तेवढंच दिसतं. मला तिचं डोकं दिसलं होतं आणि मग तेही गेलं होतं. सायकल भिंतीआड होती.

शशिकला माझ्याकडे वळली. “पण तुम्ही तर तेव्हा आंघोळीला गेला होतात. मी हाक मारली होती तुम्हाला. पाण्याचा आवाज येत होता.”

“नळ नुसता सोडून ठेवला होता,” मी म्हणालो.